बांध कोरणारे आकडे

ऑक्टोबर २०१९ मध्ये नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांच्याशी टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं संपर्क साधला. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांच्यावर होणारी डिजिटल पाळत शोधून काढणं हे या संस्थेचं काम. त्या वर्षी राठोड यांच्या फोनला पेगासस या इस्रायली हेर-सॉफ्टवेअरनं लक्ष्य केलं होतं, असा निरोप होता. राठोड हे भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेले नागपूरचेच वकील सुरेंद्र गडलिंग यांचे कनिष्ठ सहकारी, आणि त्याच खटल्यात बचाव पक्षाच्या बाजूनं उभे राहिलेले. अनोळखी परदेशी क्रमांकांवरून आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल येत असत, असं त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला व्हॉट्सअ‍ॅपनं पेगासस बनवणाऱ्या एनएसओ ग्रुपवर कॅलिफोर्नियाच्या फेडरल न्यायालयात दावा ठोकला. एप्रिल-मे २०१९ मध्ये जगभरच्या सुमारे १,४०० फोनांवर हल्ला झाल्याचं त्यात म्हटलं होतं. भारतातले १२१ जण त्यात असल्याचं व्हॉट्सअ‍ॅपनं भारत सरकारला कळवलं होतं. पुढे खटल्याच्या कागदपत्रांतून देशवार यादी बाहेर आली, तिच्यात भारताच्या नावापुढे १०० होते आणि मेक्सिकोच्या नावापुढे ४५६.

वर्तमानपत्रांत तेव्हा गाजलं ते कोणी कोणावर पाळत ठेवली आणि कोणाच्या सांगण्यावरून. तो प्रश्न मोठा आहेच. इथं मात्र आपण त्याच्या खालच्या मजल्यावर जाणार आहोत. नुसता कॉल वाजल्यानं फोन परक्याच्या ताब्यात जातो कसा? कॉल उचलायचीही गरज नव्हती. लिंक नव्हती, जोडलेली फाइल नव्हती, पासवर्ड मागणारं खोटं पान नव्हतं. फोनच्या मालकानं काहीच केलं नाही आणि तरी दार उघडलं.

व्हॉट्सअ‍ॅपनं मे २०१९ मध्ये या दोषाची जाहीर नोंद केली, ती दोन-तीन ओळींची आहे. कॉल हाताळणाऱ्या भागात बफर ओव्हरफ्लो आहे आणि खास घडवलेली आरटीसीपी पाकिटं धाडून दूरवरून त्या फोनवर हवा तो कोड चालवता येतो, इतकंच. आरटीसीपी पाकिटं म्हणजे कॉल चालू असताना मागच्या बाजूनं जाणारे निरोप. किती पाकिटं गहाळ झाली, उशीर किती होतोय, असली माहिती त्यांत असते. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दुरुस्तीच्या आधीचं आणि नंतरचं व्हॉट्सअ‍ॅप शेजारी ठेवून फरक शोधला. नव्या आवृत्तीत दोन तपासण्या वाढल्या होत्या. पाकिटाची लांबी १,४८० बाइटांपेक्षा जास्त नाही ना, हे एका ठिकाणी पाहिलं जात होतं, आणि मजकूर उचलून दुसरीकडे ठेवण्याच्या अगदी आधी पुन्हा एकदा लांबी तपासली जात होती.

दुरुस्तीवरून दुखणं कळतं. पाकीट स्वतःच सांगायचं की माझ्यात इतका मजकूर आहे, आणि प्रोग्राम त्याच्या शब्दावर तेवढा मजकूर नकलून घ्यायचा. ठेवायची जागा तेवढी आहे का, हे कोणी विचारतच नव्हतं. जागेबाहेर असा मजकूर सांडणं म्हणजेच बफर ओव्हरफ्लो.

संगणकाच्या सुरक्षेतला हा फार जुना आजार. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेला इंटरनेटवरचा पहिला मोठा किडा (वर्म) याही वाटेनं पसरला होता. तेव्हा त्याचं ठिकाण होतं स्टॅक, म्हणजे मेमरीचा तो भाग जिथं एकेक फंक्शन आपलं तात्पुरतं सामान ठेवतं आणि काम संपलं की उचलून नेतं. स्टॅकवर पहारे बसवायला लोक शिकले तसा हल्लेखोरांचा मोर्चा दुसऱ्या भागाकडे वळला, तो म्हणजे हीप.

किती जागा लागेल हे आधी ठाऊक नसतं तेव्हा प्रोग्राम हीपकडे जातो. कोणी दहा अक्षरांचा संदेश पाठवेल, कोणी दहा मेगाबाइटचा फोटो. प्रोग्राम जागा मागतो, वापरतो आणि काम झालं की परत करतो. या मागण्या आणि परतफेडी सांभाळणारा एक छोटा कारभारी असतो, त्याला अ‍ॅलोकेटर म्हणतात. लिनक्सवर वर्षानुवर्षं जो कारभारी आहे त्याचं मूळ डग ली या अमेरिकी प्राध्यापकानं १९८७ पासून लिहीत आणलेल्या प्रोग्राममध्ये आहे. सेकंदाला लाखो वेळा त्याला हाक मारली जाते, त्यामुळं त्याच्या सगळ्या रचनेवर वेगाचं भूत बसलेलं आहे.

वेगापायी एक निर्णय झाला. हीपमधल्या प्रत्येक तुकड्याचा आकार, तो भरलेला आहे की रिकामा, रिकामा असल्यास आधीचा आणि पुढचा रिकामा तुकडा कुठं आहे, या नोंदी वेगळ्या वहीत न ठेवता त्या तुकड्याच्याच कडेला लिहायच्या. डोनाल्ड नूथ यांच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या १९६८ सालच्या पहिल्या खंडातही ही युक्ती आहे. तुकडा परत आला की कारभाऱ्यानं किंचित मागं सरकून आकार वाचायचा, शेजारचा तुकडा रिकामा असेल तर दोन्ही जोडून एक करायचे. शोधाशोध नाही. फार देखणी कल्पना आहे, आणि इथंच सगळं बिनसलं.

आपल्याकडे बांध कोरणं म्हणजे काय, ते गावात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दरवर्षी नांगर वीतभर पलीकडे घालायचा आणि शेजाऱ्याची जमीन हळूच आपल्या वावरात ओढायची. भांडण झालंच तर सातबारा आणि मोजणीचा नकाशा तालुक्याला सुरक्षित असतो. आता असं गाव डोळ्यांपुढे आणा जिथं तलाठ्याचं दप्तरच नाही, प्रत्येक शेताचा सातबारा त्या शेताच्या बांधावर खडूनं लिहिलेला आहे, आणि तलाठी तो वाचून निमूट फेरफार करतो. तिथं बांध कोरणाऱ्याला फक्त जमीन मिळत नाही, तो शेजाऱ्याचा सातबाराही आपल्या हातानं लिहू शकतो. हीप हे असं गाव आहे.

हे पहिल्यांदा नीट उलगडून दाखवलं ते सोलर डिझायनर या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या रशियन तज्ज्ञानं, जुलै २००० मध्ये. खरं नाव अलेक्झांडर पेस्ल्याक. त्यानं धरलेली चूक नेटस्केप ब्राउझरमधली होती, आणि ती इतकी क्षुल्लक दिसते की हसू यावं. जेपेग चित्रात एक टिप्पणी लिहायची सोय असते. टिप्पणीच्या आधी तिची लांबी दोन बाइटांत लिहितात आणि नियमानं त्या लांबीत ते दोन बाइटही धरलेले असतात. म्हणजे सर्वांत लहान, रिकाम्या टिप्पणीची लांबी २. नेटस्केप लिहिणाऱ्यांनी वाचलेल्या आकड्यातून २ वजा केले आणि पुढे गेले. कोणी १ लिहून पाठवला तर? उणे एक. संगणकात बिनचिन्हाच्या आकड्यांत उणे एक म्हणजे मोजता येणारा सर्वांत मोठा आकडा, ३२ बिटांत चार अब्जांच्या वर. जागा मागितली गेली जवळपास शून्याची, आणि मजकूर भरला जाऊ लागला अब्जावधी बाइटांचा.

मजकूर बांध ओलांडून पलीकडे गेला की शेजारच्या तुकड्याच्या नोंदींवर सांडतो. त्या नोंदींत पुढच्या आणि मागच्या रिकाम्या तुकड्यांचे पत्ते असतात. रिकाम्या तुकड्यांची साखळी असते, आणि मधली कडी काढायची तर मागच्या कडीत पुढच्याचा पत्ता लिहायचा, पुढच्या कडीत मागच्याचा. आता हे दोन्ही पत्ते हल्लेखोरानं लिहिलेले आहेत. कारभारी कडी काढायला जातो आणि हल्लेखोरानं सांगितलेल्या ठिकाणी हल्लेखोरानं सांगितलेला आकडा लिहून ठेवतो. ते ठिकाण जर असं निवडलं की जिथं ‘पुढचा कोड कुठून चालवायचा’ हे लिहिलेलं असतं, तर खेळ संपला. कारभाऱ्याला भुलवायला काही लागत नाही, तो आपलं काम इमानेइतबारे करत असतो.

पुढच्या वर्षी फ्रॅक या हॅकरांच्या नियतकालिकात याच विषयावर दोन लांबलचक लेख आले आणि ज्ञान सार्वजनिक झालं. प्रतिकारही आला. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये आणि त्याच सुमारास लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीत एक साधी तपासणी घातली गेली. कडी काढण्याआधी पुढच्या कडीला विचारायचं, ‘तुझ्या मागं मीच आहे ना?’ ती ‘नाही’ म्हणाली तर प्रोग्राम तिथंच बंद. जुनी युक्ती एका फटक्यात निकामी झाली.

त्यानंतर जे घडलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं. २००५ मध्ये ‘मॅलॉक मेलेफिकारम’ नावाचा एक लेख टोपणनावानं प्रसिद्ध झाला. चेटकिणींवरच्या मध्ययुगीन लॅटिन ग्रंथाच्या नावावरची ती कोटी होती. तपासण्या असूनही कारभाऱ्याला फसवायचे अनेक मार्ग लेखकानं कागदावर मांडले आणि त्यांना घराण्यांसारखी नावं दिली, हाउस ऑफ फोर्स, हाउस ऑफ माइंड, हाउस ऑफ स्पिरिट. यातल्या हाउस ऑफ फोर्समध्ये हीपच्या टोकाशी उरलेल्या मोकळ्या जमिनीचा आकडा पुसून तिथं सर्वांत मोठा आकडा लिहायचा, म्हणजे सगळी मेमरी आपल्याच हद्दीत आहे असं कारभाऱ्याला वाटतं. ही फट ग्लिबसीमध्ये बुजली २०१९ मध्ये. कागदावर आल्यानंतर १४ वर्षांनी! आणि मध्ये २०१७ साली वेगासाठी ग्लिबसीत एक नवी झटपट यादी आली, तिच्यात जुन्या कित्येक तपासण्या नव्हत्याच. वेग आणि खातरजमा यांच्या भांडणात खातरजमा हरते, हा प्रकार पुन्हा घडला. त्या यादीतल्या पत्त्यांवर थोडी झाकपाक करणारी दुरुस्ती २०२० मध्ये आली.

तोवर हल्लेखोर कारभाऱ्याच्या नोंदींचा नाद बऱ्याच अंशी सोडून शेजाऱ्याच्या मालाकडे वळले होते. बांध ओलांडून नोंद खोडण्यापेक्षा पलीकडच्या तुकड्यात प्रोग्रामचीच एखादी मोलाची वस्तू असेल, एखादा पत्ता, एखादी लांबी, एखादा परवाना, तर तीच बदलावी. पण मग शेजारी कोण येणार हे ठरवता आलं पाहिजे. अलेक्झांडर सोतिरोव यानं २००७ मध्ये ब्राउझरच्या हीपमध्ये जागांच्या मागण्या आणि परतफेडी अशा क्रमानं करून दाखवल्या की हवा तो तुकडा हव्या त्या तुकड्याला खेटून बसावा. या कसबाला हीप ग्रूमिंग म्हणतात. हल्ल्याच्या कोडचा मोठा भाग आज याच मशागतीत जातो. प्रत्यक्ष बांध फुटतो तो क्षणार्धात.

या ओव्हरफ्लोचा एक सख्खा भाऊ आहे, त्याला यूज आफ्टर फ्री म्हणतात. प्रोग्राम तुकडा परत करतो, पण त्याचा पत्ता खिशात तसाच ठेवतो. कारभारी तो तुकडा दुसऱ्या कोणाला देतो. मग कधीतरी प्रोग्राम जुन्या पत्त्यावर जाऊन तिथं आपलंच सामान आहे अशा समजुतीनं ते वापरतो. मधल्या काळात तिथं हल्लेखोराचं सामान आलेलं असतं. ब्राउझरमधले गंभीर दोष मोजायला बसलं तर या जातीचे पुष्कळ निघतात.

पेगाससकडे परत येऊ. व्हॉट्सअ‍ॅपची वाट बुजली तरी कंपनी थांबली नाही. खटल्यातून उघड झालं की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या हल्ल्यांना तिनं हेवन, ईडन, एरिसेड अशी नावं दिली होती, आणि यातली एरिसेड ही वाट दावा दाखल झाल्यानंतरही वापरात होती. दुसरीकडे आयफोनच्या आयमेसेजवर काम चालू होतंच. त्यातल्या एका हल्ल्याचा नमुना २०२१ मध्ये सिटिझन लॅबच्या हाती लागला, एका सौदी कार्यकर्त्याच्या फोनच्या बॅकअपमधून. त्याला त्यांनी फोर्स्डएन्ट्री नाव दिलं. अ‍ॅपलनं १३ सप्टेंबर २०२१ ला दुरुस्ती दिली, आणि डिसेंबरमध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोचे इयन बीअर आणि सॅम्युएल ग्रोस यांनी त्याची पूर्ण चिरफाड प्रसिद्ध केली. हीपवरचा हल्ला समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही, म्हणून इथं थोडं रेंगाळू.

फोनवर एक संदेश येतो, त्यात .gif नावाची फाइल. हलतं चित्र पुन्हा पुन्हा फिरत राहावं म्हणून आयफोन ती फाइल आपण होऊन उघडतो, संदेश वाचला जाण्याच्या आधीच. पण आयफोनची चित्रं उघडणारी लायब्ररी फाइलच्या नावावर विश्वास ठेवत नाही, आतला मजकूर पाहून प्रकार ठरवते. (एरवी हा गुणच.) आत होती पीडीएफ. आणि पीडीएफमध्ये होता जेबीआयजी२ नावाचा जुना प्रकार.

जेबीआयजी२ हे स्कॅन केलेले काळे-पांढरे कागद लहान करून साठवायचं तंत्र. पानावर ‘ई’ हे अक्षर दोनशे वेळा आलं तर त्याचं चित्र एकदाच साठवायचं आणि बाकी ठिकाणी नुसता हवाला द्यायचा. या काटकसरीचा एक वेगळा झटका २०१३ मध्ये बसला होता. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकाला दिसलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना ६ च्या जागी ८ छापतायत, कारण यंत्राला ते दोन्ही एकसारखेच वाटले होते. आपल्या गोष्टीशी याचा संबंध एवढाच की अक्षरांच्या चित्रांची मोजदाद या प्रकाराच्या पोटातच आहे, आणि त्या मोजदादीतच फट होती.

फाइलमधल्या वेगवेगळ्या खंडांतल्या चित्रांची संख्या मिळवून एकूण किती ते काढायचं, तेवढ्या पत्त्यांना पुरेल इतकी जागा हीपमधून घ्यायची, आणि मग एकेक पत्ता तिथं भरायचा. बेरीज ३२ बिटांच्या आकड्यात होत होती. ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे गेली की ती पुन्हा शून्यापासून सुरू होते, जुन्या स्कूटरच्या मीटरचे आकडे उलटावेत तशी, फरक एवढाच की इथं ते कोणाच्या लक्षातही येत नाही. हल्लेखोरांनी आकडे असे निवडले की बेरीज ओलांडून अगदी लहान व्हावी. जागा लहान मिळाली, पत्ते भरणं मात्र मोठ्या हिशेबानं सुरू झालं. हे सगळं कोड अ‍ॅपलनं लिहिलेलंसुद्धा नव्हतं, एक्सपीडीएफ या मुक्त-स्रोत प्रोग्राममधून आलेलं होतं.

सांडलेला मजकूर कुठं पडेल याची मशागत आधीच झालेली होती. शेजारी बसवली होती ती ज्या कोऱ्या पानावर अक्षरं उमटवायची त्या पानाची नोंद. तिच्यात पानाची रुंदी, उंची असते. ती उंची-रुंदी बिघडली आणि आपलं पान केवढं आहे याचं भान प्रोग्रामला उरलं नाही. पानाच्या कडेबाहेर चित्र काढायला सांगितलं तर तो काढू लागला, आणि कडेबाहेर होती फोनची उरलेली मेमरी.

एवढ्यावर साधारण हल्लेखोर थांबला असता आणि अडकलाही असता. कारण २००० सालानंतर फोन आणि संगणक दर वेळी मेमरीतल्या गोष्टी वेगवेगळ्या पत्त्यांवर मांडू लागले आहेत. हल्ल्याला आधी पत्ते वाचावे लागतात, त्यांत बेरीज-वजाबाकी करावी लागते आणि मग लिहावं लागतं. ब्राउझरमध्ये ते सोपं असतं, कारण तिथं जावास्क्रिप्ट हाताशी असते. एका पाठवून दिलेल्या चित्रात कसलं आलंय गणित? पण जेबीआयजी२ मध्ये एका चित्रावर दुसरं चित्र बसवताना दोघांचे बिंदू कसे मिसळायचे याचे पर्याय आहेत, आणि ते आहेत अँड, ऑर, एक्सॉर आणि एक्सनॉर. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्याला पुढचं सांगायला नको. याच विटांवर संगणक उभा असतो. हल्लेखोरांनी सत्तर हजारांहून जास्त चित्र-आज्ञा रचून त्या मेमरीतच एक लहानसा संगणक बांधला, ज्यात रजिस्टर होते, ६४ बिटांची बेरीज करणारा भाग होता, तुलना करणारा भाग होता. त्या संगणकानं पत्ते शोधले आणि पुढची वाट मोकळी केली. आपण पाहिलेल्या सर्वांत कसबी हल्ल्यांपैकी हा एक, असं बीअर आणि ग्रोस यांनी लिहिलं. ज्यांना असली कामं रोज पाहायची सवय आहे त्यांचा हा दाखला आहे. मला यात कौतुक आणि शिसारी वेगळी करता येत नाहीत. इतकी बुद्धी एका कार्यकर्त्याच्या खिशातला फोन उघडण्यासाठी खर्च झाली.

दोन वर्षांनी पुन्हा तसंच. सप्टेंबर २०२३ मध्ये आयमेसेजवरच्या ब्लास्टपास या हल्ल्यापाठोपाठ गूगलच्या लिबवेबपी लायब्ररीत दोष सापडला, तो कळवणाऱ्यांत अ‍ॅपलचं सुरक्षा पथक आणि सिटिझन लॅब दोघं होते. वेबपी चित्रं दाबून साठवताना हफमन पद्धतीचे तक्ते लागतात. त्या तक्त्यांना जास्तीत जास्त किती जागा लागेल हे आधीच काढून ठेवलेलं होतं आणि तो हिशेब सरळमार्गी फाइलींसाठी बरोबरही होता. वाकडी फाइल आली की तक्ता हीपमधल्या आपल्या जागेबाहेर जायचा. ही लायब्ररी क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड अशी जवळजवळ सगळीकडे बसलेली असल्यानं त्या आठवड्यात सगळ्या जगानं घाईघाईनं ब्राउझर अद्ययावत केले. भारतातल्या वाचकानं यातली एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओसीसीआरपी या शोधपत्रकारिता संस्थेचे आनंद मंगनाळे यांच्या आयफोनवर २३ ऑगस्ट २०२३ ला ब्लास्टपास धाडला गेल्याच्या खुणा अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या प्रयोगशाळेला मिळाल्या, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात प्रयोगशाळेनं त्या प्रसिद्ध केल्या. तेव्हा अ‍ॅपलची दुरुस्ती यायला अजून दोन आठवडे होते.

एनएसओचं म्हणणं कायम असं राहिलं आहे की आपण फक्त सरकारी यंत्रणांना, गुन्हेगारी आणि दहशतवाद रोखण्यासाठी हे विकतो. भारतात सर्वोच्च न्यायालयानं २७ ऑक्टोबर २०२१ ला निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तिच्या तीन सदस्यांत आयआयटी मुंबईचे अश्विन गुमास्ते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितलं गेलं की तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर आढळलं, पण ते पेगाससच आहे असं ठरवता आलं नाही, आणि केंद्र सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही. अमेरिकेत मे २०२५ मध्ये ज्युरीनं एनएसओला सुमारे १६ कोटी ८० लाख डॉलर भरायला सांगितले. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी रक्कम खूपच खाली, सुमारे ४० लाखांवर आणली, पण व्हॉट्सअ‍ॅपला लक्ष्य करण्यावर कायमची बंदी घातली.

हीपवरचे हल्ले महाग असतात, म्हणून ते सगळ्यांवर होत नाहीत. नागपुरातच त्याचा उलटा पुरावा आहे. गडलिंग यांच्या घरावर १७ एप्रिल २०१८ ला पुणे पोलिसांनी छापा घालून संगणक जप्त केला, ६ जूनला त्यांना अटक झाली. बचाव पक्षाच्या मागणीवरून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं त्या संगणकाची प्रत तपासली आणि जुलै २०२१ मध्ये समोर आलेल्या अहवालात म्हटलं की फेब्रुवारी २०१६ पासून वीस महिन्यांहून जास्त काळ तो संगणक नेटवायर या प्रोग्रामच्या ताब्यात होता आणि त्यावर कागदपत्रं बाहेरून ठेवली गेली. तपास यंत्रणेनं हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. तांत्रिक बाजूनं पाहिलं तर नेटवायर हे बाजारात विकत मिळणारं सॉफ्टवेअर होतं आणि ते आलं साध्या ई-मेलमधून, जोडलेली फाइल उघडली म्हणून. ओव्हरफ्लो नाही, मशागत नाही, सत्तर हजार आज्ञा नाहीत. सिटिझन लॅब आणि अ‍ॅम्नेस्टीनं जून २०२० मध्ये दाखवून दिलं की २०१९ सालात नऊ जणांना असेच ई-मेल पाठवले गेले होते, कधी पत्रकाराच्या तर कधी न्यायालयीन अधिकाऱ्याच्या नावानं, आणि त्या नऊ जणांत निहालसिंग राठोडही होते. म्हणजे एकाच माणसावर एकाच वर्षात दोन्ही तऱ्हा.

सायबर जागृतीच्या कार्यक्रमांत ‘अनोळखी लिंक दाबू नका’ असं सांगतात ते या दुसऱ्या तऱ्हेला उद्देशून असतं, आणि तिथं तो सल्ला खरा आहे. पहिल्या तऱ्हेपुढे तो निरुपयोगी आहे. ज्या बेरजेत चूक होती ती कोणत्याही वापरणाऱ्याच्या हातातली नव्हती. तिथं सावधगिरीची जबाबदारी फोनच्या मालकावर टाकणं म्हणजे तलाठ्याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं. जबाबदारी कोड लिहिणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची आहे.

ते काय करतायत? मायक्रोसॉफ्टच्या मॅट मिलर यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशाच घोटाळ्यांचे असतात. क्रोमच्या चमूनं आपल्या गंभीर दोषांचा काढलेला आकडाही तेवढाच आला. कारण सरळ आहे, हे सगळं सी आणि सी++ या भाषांत लिहिलेलं, आणि त्या भाषांत बांध सांभाळणं माणसाच्या भरवशावर असतं. रस्ट या भाषेत तो भार कंपायलर उचलतो. हद्दीबाहेर लिहायला गेलं तर प्रोग्राम तिथंच थांबतो, परत केलेला तुकडा वापरू पाहिलं तर प्रोग्राम मुळात तयारच होत नाही. अँड्रॉइडच्या चमूनं नवं कोड अशा भाषांत लिहायला सुरुवात केली आणि २०१९ मध्ये मेमरी-दोषांचा वाटा ७६ टक्के होता तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. यात अनपेक्षित भाग असा की जुनं कोड त्यांनी फारसं बदललंच नाही. दोष बहुतेक करून ताज्या कोडमध्ये असतात, जुन्यातले कालांतरानं सापडून संपत जातात, त्यामुळं नवं तेवढं सुधारलं तरी आकडा घसरला.

पण एक्सपीडीएफमधल्या त्या बेरजेसारखं जुनं कोड तरीही उरतंच, आणि त्याच्यासाठी उपाय चिपमध्ये आला आहे. मेमरी टॅगिंग या पद्धतीत मेमरीच्या दर १६ बाइटांना चार बिटांची एक खूण देतात आणि तीच खूण त्या तुकड्याच्या पत्त्यातही लिहितात. पत्त्यातली आणि जागेवरची खूण जुळली नाही तर प्रोसेसर स्वतः काम थांबवतो. बांध ओलांडला की पलीकडची खूण वेगळी, तुकडा परत करून पुन्हा दिला की खूण नवी. चार बिटांत सोळाच खुणा मावतात, तेव्हा आंधळेपणानं घुसणारा क्वचित निसटेलही, पण बाकीच्या वेळी प्रोग्राम कोसळेल आणि मागं पुरावा राहील, आणि गुप्तपणे काम करणाऱ्याला पुराव्याचीच भीती असते. गूगलच्या पिक्सेल ८ मध्ये ही सोय २०२३ मध्ये आली, मात्र बंद अवस्थेत, सेटिंगांत खोल जाऊन सुरू करायची. अ‍ॅपलनं सप्टेंबर २०२५ च्या आयफोन १७ पासून ती कायम चालू ठेवली आहे, आणि आपल्या कारभाऱ्याशी तिची सांगड घातली आहे. त्याआधीच्या आयफोनांना ती मिळणार नाही, कारण ती सॉफ्टवेअरमधून पाठवता येत नाही. ज्यांना धोका खरोखर आहे त्यांच्यासाठी २०२२ पासून आयफोनमध्ये लॉकडाउन मोड आहे. तो सुरू केला की संदेशांतून येणारे बरेच जोडप्रकार उघडलेच जात नाहीत आणि अनोळखी माणसाचे फेसटाइम कॉल वाजतच नाहीत.